मालनताईंच्या नावासमोरची ओळ

मालनताई गेल्याची बातमी मला आमच्या प्रयोगशाळेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळली. सकाळचे नऊ वाजले असतील. कामावर जाताना पेट्रोल भरायला थांबलो होतो, पुढे दोन रिक्षा होत्या, म्हणून सहज फोन काढला. ‘मालन मावशी गेल्या. चहा ठेवताना चक्कर आली, दवाखान्यात नेईपर्यंत संपलं.’ खाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. मागचा गाडीवाला हॉर्न वाजवून “ओ पावणं, झोपलासा काय?” म्हणून ओरडला तेव्हा मी भानावर आलो... या लेखात खरं तेवढंच लिहायचं ठरवलं आहे, म्हणून सांगतो. त्या अर्ध्या मिनिटात मला पहिल्यांदा जे वाटलं ते दुःख नव्हतं. मला सुटल्यासारखं वाटलं. ‘ती ओळ लिहा’ म्हणून आता मला कोणी सांगणार नाही, असं वाटलं. दुःख नंतर आलं, गाडी रस्त्याला लागल्यावर. पण आधी आलं ते हे, आणि गेले सात आठवडे ते माझ्या मानेवर बसलेलं आहे.

आमची प्रयोगशाळा टिश्यू कल्चरची. झाडाचा इवलासा तुकडा घेऊन, जंतू नसलेल्या काचेच्या बाटलीत त्याची रोपं वाढवायची, हे आमचं काम. केळी आणि ऊस हे रोजचं. मी तिथं वीस वर्षं आहे, त्यातली शेवटची आठ विभागप्रमुख म्हणून. मालनताई माझ्या आधीपासून होत्या. मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बाटल्या धुवायला म्हणून लागल्या होत्या, सातवी शिकलेल्या. एकदा हूडवर बसणारी एक मुलगी बाळंतपणाला गेली आणि आमच्या संचालकांनी, ज्यांना आम्ही सगळे मोठे सर म्हणतो, अडचण म्हणून त्यांना तिथं बसवलं. हूड म्हणजे काचेच्या कपाटासारखं टेबल. मागच्या बाजूने गाळलेली हवा सतत आपल्याकडे वाहत असते आणि त्या हवेत हात घालून चिमट्यानं आणि पात्यानं काम करायचं. एक जंतू आत गेला की बाटली गेली. मालनताईंच्या बाटल्या जात नव्हत्या. महिना गेला, दुसरा गेला, त्यांच्या फळीवरून फेकायला काही निघेना. बाळंतीण परत आली तेव्हा मोठ्या सरांनी तिच्यासाठी दुसरी खुर्ची मागवली. मला हे काम पुस्तकातून येत होतं. हातानं करायला मला मालनताईंनी शिकवलं, मी त्यांचा साहेब असताना.

नव्या मुलींना त्यांची धास्ती असे. आतल्या खोलीच्या दारात उभं राहून त्या प्रत्येकीचा वास घेत. घरात पीठ आंबवलेलं असलं, दही घुसळलेलं असलं, तर त्याचे जंतू केसांत, बाहीत बसून येतात, हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, त्यांनी स्वतः ताडलं होतं. “काल आंबोळ्या केल्यास व्हय गं? जा, आज लेबलं चिकटीव.” एखादी गजरा माळून आली तर, “लगीन हाय व्हय आत? काढून ठेव तो.” मुली मागे त्यांना पोलिसाचं कुत्रं म्हणत आणि त्यांना ते ठाऊक होतं. “कुत्रं तर कुत्रं, पन चोर आत जाऊ देत न्हाय मी,” असं एकदा जेवणाच्या सुट्टीत त्यांनीच सगळ्यांसमोर ऐकवलं आणि हशा झाला. शेतातून कामाला येणाऱ्यांना त्या हमखास थांबवत. फक्त मला कधी थांबवलं नाही. मी सर होतो.

पन्हाळ्याच्या पायथ्याच्या एका गावात आप्पा नावाचे एक म्हातारे शेतकरी होते. त्यांच्या विहिरीजवळ नारळाचं एक जुनं झाड होतं आणि त्याचे काही नारळ विचित्र निघत. आत पाणी खळखळत नसे, खोबऱ्याच्या जागी दह्यासारखा मऊ गर. आप्पांच्या वडिलांनी असाच एक नारळ जोतिबाला फोडला, आत हे निघालं, आणि देवानं नारळ नाकारला असं म्हणून घरात दोन दिवस सुतक धरल्यासारखं झालं होतं. तेव्हापासून त्या झाडाचा नारळ देवाला जात नसे, वासरं आणि पोरं खात. खाल्लेला माणूस मात्र ती चव विसरत नसे. मोठ्या सरांनी तो चाखला आणि वेडेच झाले. अडचण एवढीच की असला नारळ रुजत नाही. जमिनीत घातला की आतला मऊ गर कुजतो आणि त्याच्याबरोबर आतला गर्भही. तो गर्भ आधीच काढून घेतला, बाटलीत खाऊ घालून वाढवला, तरच झाड होतं. आणि घाई होती, कारण सोंड्या भुंग्यानं झाडाचा शेंडा पोखरला होता. पानं माना टाकून लोंबत होती. आम्ही गेलो तेव्हा शेवटचा घड उतरवला गेला. आप्पा एकेक नारळ कानाशी धरून हलवत होते. वाजला तो उजवीकडे, मुका राहिला तो डावीकडे. डावीकडे अकरा झाले. “एवढंच हाय आता,” आप्पा म्हणाले. “संभाळा.”

दुसऱ्या दिवशी मालनताई ते अकरा गर्भ काढायला बसणार होत्या. त्या सकाळी आमच्या शेतावरचा गडी आला नाही, आणि शेणखतात ट्रायकोडर्मा मिसळायचा राहिला होता, म्हणून कामावर यायच्या आधी मी स्वतः शेतात गेलो. शेतकऱ्यांना हे नाव माहीत आहे. मातीतली उपयोगी बुरशी, पावडरीच्या पिशवीत मिळते, मुळं कुजू देत नाही. शेतात ती जितकी मित्र, प्रयोगशाळेत तितकी वैरी, कारण चिमूटभर पावडरीत तिचे मोजता न येणारे बीजाणू असतात. हे मला मालनताईंपेक्षा जास्त माहीत होतं. मी फावड्यानं खत कालवलं, घरी येऊन डोक्यावरून अंघोळ केली, कपडे बदलले. अंघोळ मी केली, माझ्या मोबाईलनं केली नाही. तो सकाळभर माझ्या वरच्या खिशात होता.

साधारण अकराच्या सुमाराला मी आत गेलो. मालनताईंनी सगळ्या नारळांच्या मऊ डोळ्याखालचा भाग काढून क्लोरीनच्या पाण्यात धुऊन घेतला होता आणि आता पात्यानं एकेक गर्भ मोकळा करून काचेच्या उघड्या बशीत ठेवत होत्या. तांदळाच्या दाण्यापेक्षा थोडे मोठे, हस्तिदंती रंगाचे. अकराही बशीत आले तेव्हा मला मोह झाला. मोठ्या सरांना फोटो हवा होता, आणि असा क्षण पुन्हा मिळणार नव्हता. मी मोबाईल काढला आणि त्यांच्या खांद्यावरून हात हूडच्या आत घातला, बशीच्याही मागे, जिथून हवा येते तिथं.

“सर, मोबाईल आत नगो,” त्या म्हणाल्या. हात थांबले नव्हते, मानही वळली नव्हती.

“दोन सेकंद, मालनताई.”

“सर...”

“झालं, झालं.”

झालं होतं. हूडमधली हवा माझ्या मोबाईलवरून वाहत त्या बशीवर आली होती. फोटो मात्र फार सुंदर आला. मालनताईंच्या दोन हातांच्या मध्ये ते अकरा दाणे.

गर्भ अकरा नळ्यांत गेले. नळीतलं अन्न कोळसा घातल्यामुळे काळंभोर असतं, आणि पहिले काही आठवडे नळ्या अंधाऱ्या कपाटात ठेवायच्या असतात. चौथ्या दिवशी मालनताई माझ्या टेबलाशी येऊन नुसत्या उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे कपाटापर्यंत गेलो. त्यांनी बॅटरी मारली. काळ्या अन्नावर पांढरे धागे होते, कापसाच्या वातीसारखे, तीन नळ्यांत. दुसऱ्या दिवशी सात. त्यांनी उरलेले, बरे दिसणारे चार गर्भ बाहेर काढले, पुन्हा क्लोरीनमध्ये धुतले, नव्या नळ्यांत ठेवले, आणि दिवसभर जेवल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्या नळ्यांतही पांढरं आलं. आणि जुन्या नळ्यांतलं पांढरं तोवर हिरवं झालं होतं. गर्द, मखमली हिरवं, एकात एक वर्तुळं.

तो हिरवा रंग मी ओळखला. मी माझ्या खोलीत आलो, दार लावलं, मोबाईलचं रबरी कव्हर काढलं. आतल्या कडेला राखाडी पावडरीची बारीक रेघ होती... मी ते कव्हर बेसिनमध्ये साबणानं धुतलं, पुसलं, आणि कचऱ्याच्या पिशवीत तळाशी घातलं. मग हात धुतले. एवढं सगळं करताना मी एकदाही थांबलो नाही, हे मला आज लिहितानाही समजत नाही.

मालनताई दारावर टकटक करून आत आल्या. हातात कापसाचं बूच लावलेली एक नळी. “सर, वास घ्या. खोबऱ्याचा वास येतोय.” त्या बुरशीच्या काही जातींना ओल्या खोबऱ्यासारखा वास येतो, हे मी पुस्तकात वाचलं होतं. मी म्हणालो, “नारळाचाच गर्भ आहे, येणारच.” “गर्भाला वास नसतो, सर. मी अकरा काढलो की,” एवढं बोलून त्या नळी घेऊन गेल्या.

आप्पांना कळवणं भाग होतं. ते सकाळच्या एस.टी.नं आले, धोतर, डोक्याला पटका, हातात बाकी उरलेल्या साध्या नारळांची पिशवी, आम्हाला खायला म्हणून. त्यांच्या झाडाचा शेंडा आदल्या आठवड्यात गळून पडला होता. नळ्या त्यांनी एकेक करून बघितल्या. मग मला विचारलं, “कुणाच्या हातात दिलतं तुम्ही?” त्या ‘कुणाच्या’चा अर्थ तिथं उभ्या असलेल्या आम्हा तिघांनाही कळला. मालनताईंचं आडनाव आप्पांना दारातल्या नावांच्या फळ्यावरून कळलं होतं. मालनताई माझ्याकडे बघत होत्या. खाली नाही, आप्पांकडे नाही, सरळ माझ्याकडे. मी म्हणालो, “होतं कधीकधी, आप्पा. हातून चूक होते.” कुणाच्या हातून, ते मी बोललो नाही. बोलायची गरज नव्हती. आप्पा पिशवी तशीच घेऊन परत गेले.

आमच्याकडे खराब झालेल्या बाटल्यांची एक वही असते. तारीख, वाण, हूडवर बसणाऱ्याचं नाव, खराब किती, आणि शेवटचा रकाना कारणाचा. तो विभागप्रमुखानं भरायचा असतो. मला ते पद मिळून वर्षही झालं नव्हतं. मालनताईंच्या नावासमोर मी लिहिलं, ‘हाताळणीतील दोष’. खाली सही केली. त्या ओळीवरून मोठ्या सरांनी निर्णय घेतला. ते रागावले नाहीत, तसे ते सौम्य आहेत. म्हणाले, “वय झालं असेल. डोळे. काही दिवस त्यांना धुण्याकडे द्या.” आणि मालनताई पुन्हा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेल्या, जिथून त्या निघाल्या होत्या. काही दिवस म्हणजे सात वर्षं झाली.

तो फोटो मोठ्या सरांना फार आवडला. नळ्या गेल्या तरी फोटो राहिला. त्यांनी तो मोठा करून स्वागतकक्षात लावला. बाहेरून येणारे पाहुणे त्याच्यासमोर थांबत. कुणी विचारलंच तर आम्ही सांगत असू, नारळाचे गर्भ आहेत. हात कुणाचे, हे फार थोड्यांनी विचारलं. फोटो काढणारा हूडच्या आत कसा शिरला, हे सात वर्षांत एकानंही विचारलं नाही. मालनताई रोज सकाळी त्या फोटोसमोरून मागच्या शेडकडे जात.

दोनेक वर्षांनी एका दुपारी त्या माझ्याकडे आल्या. हात ओले, कोपरापर्यंत पांढरे पडलेले. “सर, एक इचारू? तुमच्या शेतात ती ट्रायकोडर्माची पावडर घालता काय?” मी लॅपटॉपवरून मान वर केली. का म्हणून विचारलं असं मी म्हणालो असेन. “परवा भावाच्या घरात पिशवी फोडली. तोच वास. म्हटलं, सरांना इचारावं.” मी म्हणालो, “नाही. आमच्याकडे वापरत नाही.” त्या माझ्याकडे बघत राहिल्या. “बरं,” म्हणाल्या आणि गेल्या. टेबलावर त्यांच्या हाताचे दोन थेंब पडले होते. ते मी रुमालानं टिपले.

त्यानंतर मला त्यांना तोंड द्यायला भीती वाटू लागली. मागच्या शेडकडे जायचं काम मी दुसऱ्यांना सांगू लागलो. शेवटी, आपणच वाट काढावी असं वाटून, मी मोठ्या सरांकडे शब्द टाकला, त्यांनी होकार दिला, आणि मी स्वतः शेडमध्ये जाऊन म्हणालो, “मालनताई, सोमवारपासून तुम्ही परत हूडवर. मागचं सगळं विसरून जाऊ.” त्या ब्रशानं बाटली घासत होत्या. घासून झाली, पाण्याखाली धरली, पालथी ठेवली, मग बोलल्या.

“माझी चूक माफ करून नगो, सर. चूक माझी नव्हती, एवढं त्या वहीत लिवा. मग बसतो मी.”

“त्या जुन्या वहीत आता कोण बघतंय?”

“मी बघतोय की.”

बस्स एवढंच त्यांनी मागितलं. ओरडल्या नाहीत, तक्रार केली नाही, कोणाला माझं नाव सांगितलं नाही. माझ्या नावानं काही लिहा, असंही म्हणाल्या नाहीत. त्यांच्या नावासमोरची ओळ दुरुस्त करा, एवढंच. मी ‘बघतो’ म्हणालो. पाच वर्षं मी ‘बघतो’ म्हणालो. दर दिवाळीच्या सुट्टीआधी त्या एकदा विचारत, वही अजून आहे का तेवढं विचारत, आणि मी म्हणे, आहे, बघतो. त्यांच्या धुतलेल्या बाटल्यांत एकही कधी डागाळलेली निघाली नाही, हे मुली आजही सांगतात.

शेवटची भेट त्या जायच्या अकरा दिवस आधीची. शनिवार होता, सगळे निघाले होते. त्या माझ्या दाराच्या चौकटीला हात लावून उभ्या राहिल्या. “सर, चार महिन्यांनी मी रिटायर होतो. जायच्या आधी...” मी त्यांना वाक्य पुरं करू दिलं नाही. “हो मालनताई, या आठवड्यात नक्की.” त्या हसल्या. चेष्टेचं नव्हतं ते हसणं. वीस वर्षांच्या ओळखीच्या माणसाकडे बघून येतं तसं होतं. “आठवडा कुठला, ते लिवून ठेवू काय?” असं म्हणाल्या आणि डबा घेऊन गेल्या...

त्यांच्या गावच्या बुद्धविहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. आमच्या इथले बरेच जण गेले होते, मोठे सरही. बुद्धवंदना झाली, मग ओळखीची माणसं एकेक करून उठून चार शब्द बोलत होती. माझं नाव पुकारलं गेलं. मी उठलो तेव्हा खरंच ठरवून उठलो होतो. समोर शंभरेक माणसं पांढऱ्या कपड्यांत बसलेली, पुढच्या ओळीत त्यांची मुलगी प्रज्ञा, इचलकरंजीला एका दवाखान्यात नर्स आहे ती. मी म्हणालो, मालनताईंसारखे हात मी पाहिले नाहीत. मी म्हणालो, त्यांनी मला काम शिकवलं. मी म्हणालो, त्यांची जागा भरून येणार नाही. ही सगळी वाक्यं खरी होती आणि त्यांच्या आड मी लपलो होतो. कार्यक्रम संपल्यावर प्रज्ञा पाण्याचा ग्लास घेऊन आली आणि चारचौघांत विचारलं, “आई शेवटपर्यंत हूडवरच होती न्हवं, सर?”

मी म्हणालो, “हो.”

परतताना गाडीत माझ्या लक्षात आलं की घरी त्यांनी सांगितलंच नव्हतं. सात वर्षं रोज पांढरा ॲप्रन घडी करून पिशवीत घालून त्या घरातून निघत होत्या, आणि शेडमध्ये येऊन पायघोळ रबरी ॲप्रन चढवत होत्या. आता मी खरं लिहिलं तर त्यांचं नाव स्वच्छ होईल आणि त्यांनी घरच्यांपासून जपलेली गोष्ट उघडी पडेल. नाही लिहिलं तर... ही अडचण मला किती सोयीची होती, ते माझं मला कळत होतं. पुढचे काही आठवडे मी ती अडचण कुरवाळत बसलो. शेवटी एका रविवारी हा लेख, इथपर्यंतचा, छापून घेतला आणि इचलकरंजीला गेलो.

प्रज्ञा नुकतीच ड्यूटीवरून आली होती. गल्लीत यंत्रमागांचा खडखडाट चालू होता, त्यामुळे मोठ्यानं बोलावं लागत होतं, आणि मला जे बोलायचं होतं ते मोठ्यानं बोलण्यासारखं नव्हतं. मी कागद पुढे केले. तिनं ते उभ्यानंच वाचले. एकदा मधे थांबली, मागचं पान पुन्हा काढून वाचलं.

“मी नर्स हाय, सर,” ती म्हणाली. “क्लोरीननं फुटलेलं हात मला कळत न्हाईत व्हय? पहिल्या महिन्यातच कळलं आमाला. ती सांगत न्हवती, आमी इचारत न्हवतो.”

“मग त्या दिवशी तुम्ही मला...”

“लोकांसमोर तुम्ही काय म्हणताय, ते बघायचं हुतं.”

ती पुढे म्हणाली, की आईनं माझं नाव कधी घेतलं नाही. ‘ते माझं न्हवं’ एवढंच एकदोनदा बोलली, तेही स्वतःशी बोलल्यासारखं. मग तिनं कागद घडी करून माझ्या हातात परत दिले. “पेपरात द्या. तिचं नाव घाला, तुमचंबी खाली असूदे. पन आधी त्या वहीत लिवा. पेपर उद्या रद्दीत जातोय. आणि लिवताना मी तिथं पाहिजे.”

दोन दिवसांनी ती आली. मी मोठ्या सरांकडे जाऊन जुन्या वह्यांच्या कपाटाची किल्ली मागितली आणि कशाला हवी ते सांगितलं, सगळं, पावडरीपासून कव्हरपर्यंत. त्यांनी चष्मा काढला. “अहो, झाड गेलं, बाई गेल्या. आता उकरून कुणाचं भलं होणार?” असलाच प्रश्न सात वर्षं मीच मला विचारत आलो होतो. मग त्यांची नजर उघड्या दारातून स्वागतकक्षातल्या भिंतीकडे गेली, आणि मला दिसलं की त्यांना आता फोटोतला कोन समजला आहे. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. माझ्याशी ते अजूनही फारसं बोलत नाहीत.

वही सापडायला वेळ लागला. पान निघालं. निळ्या शाईत माझं अक्षर, अगदी नीटनेटकं. मी ती ओळ खोडली आणि खाली लिहिलं: ‘वरील नोंद खोटी आहे. मी शेतातून आणलेला मोबाईल हूडमध्ये नेला, त्यावरील बुरशीमुळे अकराही नळ्या गेल्या. मालनताईंनी मला अडवलं होतं. त्यांचा दोष नाही.’ तारीख आजची घातली. सही केली. प्रज्ञानं वही स्वतःकडे वळवून एकदा वाचली, बोटानं शाई वाळली का बघितलं, आणि वही मिटली. ठीक आहे, किंवा धन्यवाद, असलं काही ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर मला ते सोसलं नसतं.

“ती बसायची कुठं?” तिनं विचारलं. “मी कधी बघितलं न्हाय.”

मी तिला आतल्या खोलीच्या काचेपाशी नेलं. बाहेरच्या माणसांना आत जाता येत नाही, काचेतून बघायचं. चार हूड ओळीत, चार पाठमोऱ्या टोप्या. खिडकीशेजारचा तिसरा, मी म्हणालो. तिथं आता मालनताईंच्या हाताखाली शिकलेली एक मुलगी बसते. तिचे दोन्ही हात आत होते. प्रज्ञानं काचेवर बोटानं हळूच वाजवलं. बाकीच्या तिघींनी मागे बघितलं. ती एक हलली नाही.

“ती बघणार नाही,” मी म्हणालो. “तुकडा आत जाऊन झाकण लागेपर्यंत...”

“ठाऊक हाय,” प्रज्ञा म्हणाली. “आई भाकरी करताना असंच करायची. दारात कोनबी येऊदे, हाका मारूदे, भाकरी उलटून झाल्याबिगर मान वर न्हाय. ल्हानपणी लई राग यायचा मला.”

तिनं परत काच वाजवली नाही. पर्स खांद्यावर नीट केली आणि उभी राहिली. मीही राहिलो, तिच्यापासून थोडा मागे. आत मुलीनं चिमटा ज्योतीवर धरला, निवू दिला, हिरवा ठिपक्याएवढा तुकडा उचलून बाटलीत ठेवला, बाटलीचं तोंड ज्योतीवरून फिरवलं आणि झाकण लावलं. मग वर बघितलं.